तिसरी रांग

विश्रामने लॅपटॉपवर तक्ता केलाय:
चार गाड्या, एकोणतीस रकाने.
टॉर्क, बूट, ॲव्हरेज, एअरबॅगा,
सातजण भरून घाट चढताना किती धापा टाकते,
ऑन रोड किती, हप्ता किती,
आणि अगदी शेवटी एक पिवळा रकाना: मन.
तो अजून रिकामाच आहे.

माझ्याकडे दुधाच्या हिशेबाची वही
आणि शिवणाची टेप.
मी आधी खाली जाऊन पार्किंग मोजलं.
खांबापासून दळव्यांच्या स्कूटरपर्यंत
चार मीटर सत्तर.
जाड नाकाची ती काळी तिथेच बाद.
"सरकवतील की ते स्कूटर," विश्राम म्हणाला.
ती स्कूटर आम्ही खारघरला आलो त्या दिवसापासून
तशीच तिरकी उभी आहे.

शनिवारी रात्री हॉलमध्ये
जेवणाच्या खुर्च्या गाडीसारख्या मांडल्या.
दोन, तीन, आणि मागे प्लास्टिकची दोन स्टुलं.
नाना पुढे. त्यांचा गुडघा नवा आहे,
जुन्यापेक्षा जास्त मानी.
आई खिडकीशी, मळमळतं म्हणून.
ओवी आणि ईशान शेजारी शेजारी,
म्हणजे भांडायला उठावं लागू नये.

"मी बसेन मागे," वृंदाताई म्हणाली.
कुणी विचारलं नव्हतं.

नाशिकचं घर सोडून ती भावाकडे आली,
त्याला सहा वर्षं झाली.
शेवटची पोळी, आंघोळीचा शेवटचा नंबर,
कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा,
सगळं तिने असंच घेतलंय,
कुणी विचारायच्या आत.

रविवारी तुर्भ्याला तीन शोरूम.
प्रत्येक ठिकाणी विश्राम बॉनेट उघडायला लावी
आणि मी वाकून, साडी आवरत, तिसऱ्या रांगेत शिरे.
पहिलीत गुडघे हनुवटीला लागले.
दुसरीत एसीचा झरोका होता, हवा नव्हती.
तिसरीची खिडकी म्हणजे टपालपेटीची फट.
सेल्समन कैवल्य, कोवळा पोरगा,
टायला सारखा हात लावत म्हणाला,
"मॅडम, तिथे शक्यतो मुलंच बसतात."

मुलंच. किंवा.

टेस्ट ड्राइव्ह पामबीचवरून बेलापूरला,
पारसिक हिलच्या पायथ्याशी विश्राम उतरला.
"आता कोण चालवणार?" कैवल्यने नानांना विचारलं.
मी मागून म्हटलं, वृंदाताई.

ती हसली. मग हसायची थांबली.
पर्समध्ये, रेशनकार्डाच्या झेरॉक्सखालून
लायसन्स निघालं.
फोटोतली बाई बत्तीस वर्षांची,
कुणावर तरी चिडलेली.

तिने सीट पुढे घेतली.
आरसा दोनदा फिरवला.
त्यात आम्ही सगळे आलो असू.

चढावर पुढे पाण्याचा टँकर अडकला होता.
मागे रिक्षा, रिक्षामागे हॉर्न.
वृंदाताईने हाफ क्लचवर
आम्हा सगळ्यांना धरून ठेवलं.
गाडी बोटभरही मागे आली नाही.
"शाळेची व्हॅन होती माझ्याकडे," ती काचेला म्हणाली,
"अकरा मुलं. सकाळ-दुपार."

आम्हाला माहीत नव्हतं.
नाना खिडकीबाहेर बघू लागले,
तिथे नुसती भिंत होती.
आणि माझ्या शेजारी, दुमडून बसलेला विश्राम:
"अरे, इथे तर पायच ठेवता येत नाहीत!"
मी काही बोलले नाही.

बुकिंग अजून झालेलं नाही.
एकीला पाच महिने वेटिंग आहे,
एकीचा रंग आईला पसंत नाही,
तक्त्यात आणखी तीन रकाने वाढलेत.

आज दुधाचा खाडा लिहायला वही उघडली
तर किमतींच्या पानावर, तिरप्या अक्षरात:
लायसन्स रिन्यू, सतरा ऑगस्टच्या आत.
त्याखाली पेन्सिलने:
काळी परत बघू.
दळव्यांशी मी बोलते.